हाडाच्या आतलं उत्तर

1888 मध्ये पॉल एअरलिख या जर्मन डॉक्टरने एका तरुण गरोदर बाईच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या रक्तातल्या पेशी झपाट्याने घटत गेल्या, रक्तस्राव झाला आणि ती गेली. असं का झालं, हे शवविच्छेदनात कळलं. हाडातली मज्जा लाल असायला हवी होती, तिथे पिवळी चरबी होती. या आजाराला आज अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. ती जिवंत असतानाही उत्तर तिच्याच हाडांत होतं, पण तिथे डोकावण्याची सोपी वाट नव्हती.

रक्त हाडात तयार होतं, हे तरी कुठे जुनं ज्ञान होतं? 1868 मध्ये कोनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी मज्जेत केंद्रक असलेल्या, म्हणजे अजून कच्च्या, लाल पेशी पाहिल्या आणि रक्त इथेच बनतं असं मांडलं. त्याच वर्षी इटलीत जुलिओ बिझोझेरो स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. दोघांवर लगेच विश्वास बसला नाही.

1908 मध्ये इटलीच्या जोव्हानी गेदिनी यांनी जिवंत रुग्णाच्या नडगीच्या हाडाला छिद्र पाडून मज्जा काढली. पण ती छोटी शस्त्रक्रियाच होती. खरी वाट मोकळी केली लेनिनग्राडच्या मिखाईल आरिन्किन यांनी. 1927 मध्ये त्यांनी छातीच्या मधल्या हाडात सुई घालून मज्जा ओढून घेण्याची पद्धत मांडली. रुग्णाच्या खाटेजवळ करता येईल इतकी ती साधी होती.

यामुळे काय बदललं? समजा रिपोर्टमध्ये लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही कमी आहेत. कारखान्यातून माल येत नाही एवढंच त्यावरून कळतं. कारखाना रिकामा पडलाय, की आत गर्दी आहे पण माल तयार होता होताच मोडतोय, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. अप्लास्टिक ॲनिमियात मज्जा रिकामी असते. बी-12 च्या मोठ्या कमतरतेत ती पेशींनी गच्च भरलेली असते, पण त्या नीट पिकत नाहीत. ल्युकेमियात कच्च्या पेशी सगळी जागा अडवतात. रक्ताचे आकडे सारखे दिसले, तरी एकाला इंजेक्शनं पुरतात आणि दुसऱ्याला केमोथेरपी लागते.

कधी मज्जेत तंतू माजतात आणि सुईत काहीच येत नाही. तेव्हा हाडाचा बारीक तुकडाच काढावा लागतो. त्यासाठी खोसरो जमशीदी यांनी 1971 मध्ये मांडलेली सुई आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. छातीच्या हाडामागे हृदय असल्याने आता नमुना बहुधा कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने घेतात.

नेमकी इथेच आपल्याकडे भीती शिरते. ‘पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ असं कुणीतरी सांगतं आणि घरचे तपासणी टाळतात. पण ही सुई मणक्यात जातच नाही. जागा बधिर करतात, तरी मज्जा ओढताना काही क्षण जोरात कळ येते, हे खरं. प्रत्येक ॲनिमियाला ही तपासणी लागत नाही; बऱ्याचदा रक्ताच्या चाचण्यांवरच भागतं. पण डॉक्टर ती सुचवतात, तेव्हा एअरलिखच्या त्या रुग्णाला जे मिळालं नाही, ते आपल्याला मिळत असतं: वेळेवर कळलेलं कारण.