गळ्यातली वीज

माझी सगळी नोकरी ईईजी विभागात गेली. डोक्याला तेल चोपडून आलेल्या पेशंटला आधी केस धुऊन यायला सांगायचे, कारण तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड धरत नाही. मेंदूतली वीज कागदावर उतरवणं हे आमचं काम. ती बाहेरून देऊन फिट थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं, हे मी निवृत्तीनंतर शोधत बसले.

1880च्या दशकात न्यूयॉर्कला जेम्स लिओनार्ड कॉर्निंग नावाचा डॉक्टर होता. डोक्यात रक्त चढलं की फिट येते, असा त्याचा समज. त्याने दोन बोथट टोकांचा चिमटा घडवला. तो गळ्यावर दाबला की मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या आवळल्या जात. पुढे त्याने विजेची जोड दिली. शेजारच्या व्हेगस नर्व्हला वीज लागली की हृदयाचे ठोके मंदावतील, रक्त आणखी कमी चढेल, हा हिशेब. गुण येतो, असं तो सांगे. इतर डॉक्टरांच्या पेशंटना मात्र घेरी येई, काहींची शुद्धच हरपे. शतक सरता सरता चिमटा अडगळीत गेला.

कारण चुकलं होतं, नस मात्र बरोबर होती. 1938 मध्ये बेली आणि ब्रेमर यांनी मांजराची व्हेगस छेडली, तर मेंदूच्या लहरी बदलल्या. म्हणजे ही नस मेंदूकडेही निरोप नेते. 1985 च्या सुमारास फिलाडेल्फियात जेकब झबारा यांनी याच वाटेने कुत्र्यांचे झटके आवरले. 1988 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पहिल्या माणसाच्या छातीत, कातडीखाली, या नसेला वीज देणारं यंत्र बसलं. 1997 मध्ये अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली.

यंत्राची तार गुंडाळतात डाव्या नसेला, कारण उजवीचा हृदयाच्या ठोक्यांशी जवळचा संबंध. नेहमीची मांडणी 30 सेकंद चालू, 5 मिनिटं बंद. आमच्याकडे येणाऱ्या, हे यंत्र बसवलेल्या एका शिक्षिकेचा आवाज वीज सुरू झाली की बोलता बोलता घोगरा व्हायचा. त्या हातानेच ‘थांबा’ म्हणायच्या आणि अर्धं वाक्य मग पुरं करायच्या. फिटची चाहूल लागली तर छातीवरून लोहचुंबक फिरवायचा, म्हणजे यंत्र लगेच वीज देतं.

झटके आवरायचे ते नुसतं पडणं-लागणं टाळायला नव्हे. 1973 मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांचे स्नायू लुळे करून, कृत्रिम श्वास देऊन, लांबलेल्या झटक्यांचा अभ्यास केला. अंग हलत नव्हतं, प्राणवायू मिळत होता, तरी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी मेल्या. पेशींचा तो अखंड विद्युत्‌-मारा स्वतःच घातक होता. म्हणून पाच मिनिटांत न थांबणारी फिट ही तातडीची बाब. तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये.

गुण येतो या कॉर्निंगच्या दाव्याला बहुतेक त्याच्या शब्दाचाच आधार होता. आजच्या यंत्राच्या चाचण्यांत काही पेशंटना पुरेशी, काहींना नाममात्र वीज दिली गेली. कुणाला कोणती, ते त्यांना सांगितलं नाही. निकाल बेताचाच. कालांतराने साधारण निम्म्या पेशंटच्या फिट निम्म्याने किंवा अधिक घटतात आणि गोळ्या चालूच राहतात. नातेवाइकांना छातीठोकपणे सांगता येईल, ते एवढंच.