‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे तारीख पुढे गेली की अलीकडे आली?

समजा, पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीतल्या एका कंपनीत येत्या बुधवारी तुमची मुलाखत आहे. आदल्या शुक्रवारी मेल येतो: ‘युअर इंटरव्ह्यू हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टु मंडे.’ फॉरवर्ड म्हणजे पुढे, तेव्हा मुलाखत बुधवारनंतरच्या सोमवारी असणार, असं धरून तुम्ही निवांत होता. कंपनी मात्र बुधवारच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे मेल आल्यापासून तिसऱ्याच दिवशी तुमची वाट बघत बसते.

मेलमधला प्रत्येक शब्द ओळखीचा होता, तरी अर्थ उलटा लागला. ही गंमत आहे फ्रेझल व्हर्बची. साध्या क्रियापदाला अप, ऑफ, ऑन, आउट, बॅक असा छोटा शब्द जोडला की नवा अर्थ तयार होतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे. अशा क्रियापदापुढे वार, तारीख किंवा तास आले की कुठे लक्ष द्यायचं, ते पाहू.

तारीख कुठे सरकली?

- पुट ऑफ, पुश बॅक: ठरलेल्या दिवसापेक्षा उशिरा
- ब्रिंग फॉरवर्ड, आणि अमेरिकन वापरात मूव्ह अप: ठरलेल्या दिवसापेक्षा लवकर
- मूव्ह फॉरवर्ड: बोलणाऱ्यावर अवलंबून, म्हणून विचारून घ्या

मराठीत आपण कार्यक्रम ‘पुढे ढकलतो’ तेव्हा तो उशिरा होतो आणि लवकर घ्यायचा असेल तर ‘अलीकडे आणतो’. इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ आणलेला कार्यक्रम लवकर होतो आणि ‘बॅक’ ढकललेला उशिरा. शब्दशः भाषांतर केलं की दोन्ही वेळा आपण चुकतो.

असं का होतं? काळाकडे बघायच्या दोन रीती आहेत. एकीत आपण वाट चालत असतो आणि येणारे दिवस आपल्या पुढे असतात. ‘दिवाळीपर्यंत कसंबसं पोचलो’ म्हणतो ते या रीतीने. दुसरीत आपण जागेवर उभे असतो आणि दिवस आपल्याकडे चालत येतात: ‘दिवाळी जवळ आली’. मराठीतलं ‘पुढे ढकलणं’ पहिल्या रीतीतलं आहे. इंग्रजीतलं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ दुसऱ्या रीतीतलं. आपल्याकडे येणारा दिवस आणखी पुढे आला, म्हणजे आपल्या जवळ आला.

खुद्द इंग्रजी बोलणारेही इथे अडखळतात. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली आहे, तर ती कधी?’ या प्रश्नाला काहीजण सोमवार म्हणतात, काहीजण शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कार या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला होता. नुकत्याच विमानातून उतरलेल्यांमध्ये, कुणाला तरी घ्यायला आलेल्यांपेक्षा, ‘शुक्रवार’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. प्रवास करून आलेल्यांना आपणच काळातून पुढे चाललोय असं वाटणं सोपं गेलं.

भारतीयांनी या गोंधळावर ‘प्रीपोन’ हा सुटसुटीत उपाय वापरात आणला. पोस्टपोनच्या उलट प्रीपोन. भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे. भारतात तो बिनधास्त वापरा. परदेशातल्या माणसाला लिहिताना मात्र ‘अर्लियर’ हा साधा शब्द बरा, कारण प्रीपोन त्याने ऐकलेला असेलच असं नाही.

टु, अनटिल आणि बाय

दिशा कळली, तरी किती सरकलं आणि कुठे थांबलं हे पुढचा छोटा शब्द सांगतो.

‘पुट ऑफ अनटिल मंडे’ म्हणजे आता सोमवारी. ‘पुट ऑफ बाय टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी पुढे. अनटिल किंवा टु नंतर नवा मुक्काम येतो, बाय नंतर मधलं अंतर.

पण बायपुढे वार किंवा तारीख आली की अर्थ बदलतो. ‘हँड इन द फॉर्म बाय मंडे’ म्हणजे फॉर्म सोमवारपर्यंत कधीही द्या, त्यानंतर नको. मराठी माणसाची हमखास चूक इथेच होते, कारण आपलं ‘पर्यंत’ दोन कामं करतं. ‘सोमवारपर्यंत फॉर्म द्या’ यात काम एकदाच होतं आणि सोमवार ही शेवटची मुदत आहे, तिथे बाय. ‘सोमवारपर्यंत पुण्यात थांबा’ यात थांबणं सोमवार येईतो सलग चालू आहे. तिथे अनटिल किंवा टिल: ‘स्टे ऑन अनटिल मंडे’. म्हणून ‘आय विल फिल इन द फॉर्म टिल मंडे’ हे वाक्य वाचणाऱ्याला वाटतं, हा गडी सोमवारपर्यंत फॉर्मच भरत बसणार आहे.

इन की फॉर?

काही छोटे शब्द काम पूर्ण झाल्याचं सांगतात, काही ते चालू राहिल्याचं. अप, आउट, थ्रू हे बऱ्याचदा पूर्ण करणारे. ऑन, अवे, अराउंड हे बऱ्याचदा चालू ठेवणारे. पूर्ण झालेल्या कामापुढे किती वेळ लागला ते ‘इन’ने सांगतात, चालू राहिलेल्या कामापुढे किती वेळ चाललं ते ‘फॉर’ने.

‘ही एट अप द भाकरी इन टेन मिनिट्स’: दहा मिनिटांत भाकरी खाऊन टाकली.
‘शी रेड थ्रू द बुक इन टू डेज’: दोन दिवसांत पुस्तक वाचून काढलं.
‘द मीटिंग ड्रॅग्ड ऑन फॉर थ्री अवर्स’: मीटिंग तीन तास रेंगाळत राहिली.

मराठी वाक्यं नीट बघा. खाऊन टाकणे, वाचून काढणे, रेंगाळत राहणे ही आपली संयुक्त क्रियापदं. टाकणे, काढणे यांनी काम संपतं आणि वेळेला ‘त’ लागतो: दहा मिनिटांत. राहणे, बसणे यांनी काम चालू राहतं आणि वेळ मोकळी येते: तीन तास. इंग्रजीतला अप किंवा ऑन जे करतो, ते आपण रोज टाकणे आणि राहणे वापरून करतो. म्हणून यादी पाठ करण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणा. ‘टाकलं, काढलं’ येत असेल तर बहुतेक इन, ‘राहिलो, बसलो’ येत असेल तर फॉर.

जागेचीही एक गोष्ट. ‘इट’सारखं सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं आणि वेळ शेवटी जाते: ‘पुट इट ऑफ अनटिल मंडे’. ‘पुट ऑफ इट’ चालत नाही.

मेल आला तर काय करायचं?

परवा हा शब्द आठवा. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांत चार दिवसांचं अंतर आहे, आणि ते आपल्याला क्रियापदावरून कळतं. इंग्रजी मेलमध्येही तेच करा: आधी क्रियापद आणि त्याचा छोटा शब्द एकत्र वाचा, मग तारखेकडे जा. मेलमध्ये नुसता वार असेल तर लगेच उत्तर पाठवून तारीख आणि वार दोन्ही पक्के करून घ्या. तुम्ही स्वतः मेल लिहीत असाल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा लिहा: ‘बुधवार १६ ऐवजी सोमवार १४’. मग फॉरवर्ड लिहिलं काय आणि बॅक लिहिलं काय, वाचणारा चुकीच्या दिवशी सुप्याची एसटी पकडणार नाही.