यावा, जावा आणि येझ्दी

पहिली फटफटी घेणारा माणूस यंत्रापेक्षा नावच अधिक पारखतो. यंत्रातले त्याला फारसे उमगत नाही. मग चारचौघांकडे जी आहे तीच आपणही घ्यावी, असा सरळ हिशेब तो मांडतो. माझ्या पहिल्या फटफटीच्या वेळी घरातला कौल बुलेटला होता. लष्कराने स्वीकारलेली, 1955 पासून मद्रासेत बनू लागलेली गाडी; तिच्या नावाला वजन होते. मी मात्र कोणीतरी वापरून विकायला काढलेली येझ्दी घेतली. कारण एकच : कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडता येत होती. पण हे नाव आले कोठून, याची चौकशी त्यानंतर मला जडली ती कायमचीच.

तिचे मूळ प्रागमध्ये सापडते. फ्रान्तिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. पहिल्या महायुद्धानंतर त्या धंद्यातली मागणी ओसरली, तेव्हा त्याने 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीकडून 500 सीसीच्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेकचे ‘या’ आणि वांडररचे ‘वा’ मिळून नाव झाले ‘यावा’. रोमन अक्षरांवरून आपण ते ‘जावा’ वाचले. जावा बेटाशी त्याचा काही संबंध नाही. ती पहिली गाडी महाग पडली, आणि काळ तर जागतिक मंदीचा. 1932 मध्ये पॅचेट या इंग्रज अभियंत्याने विलियर्सचे इंजिन बसवून 175 सीसीची स्वस्त गाडी तयार केली. सामान्य माणसाला ती परवडली, आणि तेव्हा कोठे त्या नावाला गिऱ्हाईक लाभले.

आपल्याकडे 1950 नंतरच्या दशकात परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले. ज्याला गाड्या विकायच्या त्याने त्या येथेच बनवाव्यात, असा तो काळ. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि 1961 मध्ये तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पोलंडच्या एसएचएलच्या धर्तीवरची राजदूतही त्याच दशकातली. चेकोस्लोव्हाकिया काय किंवा पोलंड काय, आपल्या गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच अपरिचित.

मग लोकांनी ती घेतली का? उत्तर इंजिनात आहे. जावाचे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणारी यंत्रणाही नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे आणि सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी अधूनमधून काढायची. सिलिंडर एक, पण धुराच्या नळ्या दोन. किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा मात्र एकच. साध्या पान्यांवर काम भागे. जिथे कंपनीचा माणूस पोहोचत नसे तिथे मिस्त्री पोहोचे, आणि नावाची उणीव तोच भरून काढी.

1973 च्या सुमारास जावाचे नाव जाऊन ‘येझ्दी’ आले. हे नाव इराणातील यज्द शहराशी नाते सांगणारे. गाडीचे कूळ तेच राहिले, पण नाव पुन्हा नवखे. तरी गिऱ्हाईक टिकले, कारण त्याचा मिस्त्री बदलला नव्हता. तिला धक्का दिला तो 1985 च्या आगेमागे आलेल्या, जपानी सहकार्याने बनलेल्या 100 सीसीच्या हलक्या गाड्यांनी. पेट्रोलच्या हिशेबात येझ्दीला त्यांच्यापुढे टिकाव धरता आला नाही. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

नवल पुढेच आहे. कारखाना गेल्यावरही गाड्या रस्त्यावर राहिल्या. जुन्या बाजारातले सुटे भाग, लेथवर कातून घेतलेले तुकडे आणि गल्लीतले कसबी हात यांवर त्या चालल्या. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझ्दी ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. आतली यंत्रे आता निराळी आहेत. पण नावांना मोल उरले होते म्हणूनच ती आणावीशी वाटली. ते मोल मधल्या वर्षांत जपले ते त्या काळवंडलेल्या हातांनी. म्हणून पहिली गाडी घेऊ पाहणाऱ्या तरुणांना मी एवढेच सांगतो : नाव अनोळखी असले तर असू द्या; आधी ती उघडणारा माणूस आपल्या गावात आहे का, ते पाहा.