बिबा कोणास उततो ?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत बिब्याचें झाड कोणाला अनोळखी नाहीं. त्याच्या काळ्या फळांत तापविलेलें दाभण खुपसावें, कवचांतून पाझरणारें तेल पायाच्या भेगेंत भरावें, हा खेड्यापाड्यांतील जुना उपाय. त्याच फळाचा मगज म्हणजे गोडंबी. ती बाळंतिणीच्या लाडवांत पडते. असें हें उपयोगी फळ. पण त्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक. एकाच घरांतील दोघांनीं तें हाताळावें, एकाला कांहीं होऊं नये आणि दुसऱ्याचें अंग सुजून फोडांनीं भरावें. यालाच लोक 'बिबा उतला' असें म्हणतात. चरकसंहितेनें भल्लातकाला रसायनांत मानाचें स्थान दिलें, आणि तो अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याचेंही सांगून ठेवलें. परंतु तो एकालाच कां उततो, याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

१९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. एखाद्या पदार्थाची गांठ एकदां पडली, म्हणजे त्याच पदार्थाशीं शरीराची पुढील वागणूक बदलते, हा त्याचा आशय.

बिब्याच्या बाबतींत याचें उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धांत घडलें. हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांना एक विलक्षण खाज सुटूं लागली. ती मानेच्या मागें किंवा कमरेशीं, कपड्यावरील धोब्याची खूण जेथें अंगाला टेकते, नेमकी तेथेंच उठे. कपडे ओळखूं यावेत म्हणून आपले धोबी बिब्याच्या तेलानें खूण करीत आणि चुन्यानें ती पक्की करीत. कितीही धुतलें तरी ती जात नसे. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनीं १९४३ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं साहेब लोक जांघेंतील गजकर्णाला 'धोबी इच' म्हणून बिचाऱ्या धोब्याला दोष देत. तो दोष बुरशीचा होता. या वेळीं मात्र बोट खरोखरच त्याच्या खुणेकडे वळलें.

कोणी विचारील, ज्यानें जन्मांत बिबा पाहिला नाहीं त्याला तो उतावा कसा ? याचें मर्म अमेरिकेंतील रानांत आहे. तेथें पॉयझन आयव्ही नांवाची वनस्पति पुष्कळ आढळते. ती बिब्याच्याच कुळांतील असून दोहोंच्या तेलांतील दाहक द्रव्यें रचनेनें सख्खीं भावंडें आहेत. लहानपणीं त्या वनस्पतीशीं ज्याची गांठ पडली, त्याचें शरीर बिब्याला पहिल्याच भेटींत ओळखूं शकतें. जपानी लाखकामाचा चीक आणि काजूच्या टरफलाचें तेल याच गोतांतलें. आंब्याचा चीकही फार दूरचा नव्हे.

ही ओळख रक्तांतील पेशी ठेवतात. लँडस्टायनर आणि चेस यांनीं १९४२ सालीं गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अशा प्रकारची संवेदनशीलता एका प्राण्याच्या पेशींबरोबर दुसऱ्यांत जाते, रक्तद्रवाबरोबर जात नाहीं. तेल त्वचेंत मुरून तेथील प्रथिनांना चिकटतें. ही जोडी परकी म्हणून पेशी ती लक्षांत ठेवतात. ही तयारी होण्यास कांहीं दिवस लागतात, म्हणून पहिला स्पर्श बहुधा निमूटपणें जातो आणि माणूस धीट होतो. पुढील स्पर्शानंतर मात्र एक-दोन दिवसांत फोड उठतात. मध्यंतरीं दिवस गेल्यामुळें खरा अपराधी कित्येकदां निसटतो आणि आदल्या रात्रीच्या जेवणावर आळ येतो. अर्थात् प्रत्येक फोड ॲलर्जीचाच असें नव्हे. कवचाचें निखळ तेल कोणाचीही त्वचा भाजूं शकतें.

तेल लागतांच साबण व भरपूर पाणी यांनीं तें धुवावें. उशीर झाल्यास तें मुरतें. हातांचे कपडे, दाभण, अडकित्ता हींही धुवावीं, कारण त्यांवर राहिलेलें तेल पुन्हा अंगाला लागतें. फोडांतील पाण्यानें मात्र रोग पसरत नाहीं, कारण त्या पाण्यांत बिब्याचें तेल नसतें.