आजीच्या दंडावरचे वण

आजीच्या डाव्या दंडावर दोन वण होते. पावलीएवढे, मधे खोलगट, कडेने सुरकुतलेले. लहानपणी मी त्यांत बोट घालून विचारायचो, दुखतं का गं? "आता नाय दुकत," ती म्हणायची, आणि ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकाठची गोष्ट सुरू व्हायची.

देवी टोचणारा आला की बाया पोरांना काखेत मारून खाजणाकडे पळत. त्याच्याकडे काट्यांची गोल चकती असे. ती दंडावर ठेवून पिळायची. पोर तापाने फणफणायचं. शिवाय देवी आल्या म्हणजे प्रत्यक्ष आईच घरी आली. दाराला कडुनिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद. तिला अडवणारे आपण कोण? आजी सापडली, म्हणून वाचली. तिची धाकटी बहीण लपली. त्या बहिणीचं नाव आजीच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

पुढे वाचनात आलं, की देशातली पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईतच टोचली गेली, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदाद, बसरा करत, दंडावरून दंडावर आली होती. मुंबई आम्हाला लोकलने तासाभराची. तरी देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला मे 1975 मध्ये. मधली 173 वर्षं लस होती, 1877 पासून मुंबई शहरात सक्तीचा कायदाही होता. नव्हता तो माणसाशी बोलणारा माणूस.

तो सत्तरच्या दशकात आला. कार्यकर्ते रोग्याचं चित्र दाखवत घरोघर विचारत फिरले. खबर देणाऱ्याचं बक्षीस वाढत वाढत 1000 रुपयांवर गेलं. सुईही बदलली, दोन टोकांची, हलकी. बाबांच्या दंडावरचा वण चिंचोक्याएवढाच आहे. त्यांना कुणी लपवलं नाही.

आज कोलशेत रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत आणि ते बांधणाऱ्यांची पोरं पत्र्याच्या खोल्यांत वाढताहेत, आज इथे, उद्या दुसऱ्या साइटवर. 2022 मध्ये गोवंडी, भिवंडीत गोवराने मुलं गेली. लस तेव्हाही होती.

तुमच्या शेजारी काम चालू असेल, तर तिथल्या मुकादमाला एकदा विचारा: इथल्या पोरांची लसीची कार्डं कुठे आहेत? आणि घरोघर फिरणारी आशा सेविका आली, तर तिला फाटकातून परत पाठवू नका.