चुलीवाचून स्वयंपाक

बदलीच्या नोकरीत घर मिळते, पण चूल मिळेलच असे नाही. दीड खोलीच्या बिऱ्हाडात ओटा असतो, नळ असतो, भिंतीत एक-दोन प्लग असतात. गॅसची सोय मात्र नसते, किंवा घरमालकास ती नको असते. अशा वेळी मंडळी बाजारात जातात आणि दुकानदार पुढे करील ती विजेची शेगडी घेऊन येतात. या उपकरणांचा इतिहास ठाऊक असेल तर निवड पुष्कळ सोपी होते, असे आम्हांस वाटते. त्यांतील प्रत्येक उपकरण एकेका निराळ्या अडचणीतून जन्मास आले आहे.

पहिली अडचण तारेची. तारेतून वीज वाहिली की उष्णता उत्पन्न होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स ज्यूल याने १८४०-४१ च्या सुमारास दाखविले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर विजेवर चालणारे सबंध स्वयंपाकघरच मांडले होते. परंतु लाल होईतो तापणारी साधी तार हवेतील प्राणवायूने लवकरच झिजून तुटे, आणि प्लॅटिनमची तार गृहस्थाच्या आवाक्यातली नव्हती. १९०६ साली अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकास निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. ही तार तापली की तिच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच तिचे रक्षण करतो. आपली कॉइलची शेगडी ही तिचीच कृपा.

दुसरी अडचण माणसाच्या वेळेची. स्वयंपाक करणारा आणि कचेरीस जाणारा एकच असेल तर शेगडीपाशी बसावयाचे कोणी? कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ काढला. खाली कोळसा, वर डब्यांची उतरंड. लावून जावे आणि परतल्यावर वाफेवर शिजलेला डाळभात काढून घ्यावा. यात विजेचा संबंध नाही, पण प्रश्न नेमका आपलाच आहे.

त्याचे विजेचे उत्तर जपानने दिले. विजेवर भात शिजविणारी भांडी तेथे आधीही निघाली होती. पण बटण बंद करावयास कोणीतरी जवळ उभे राहावेच लागे. तोशिबा कंपनीने हे काम योशितादा मिनामी या टोकियोतील छोट्या कारखानदाराकडे सोपविले. प्रयोगांचा खरा भार वाहिला तो त्यांची पत्नी फुमिको हिने. भातामागून भात शिजवून तिने तापमानाच्या आणि वेळेच्या नोंदी ठेवल्या. उकळी फुटल्यावर सुमारे २० मिनिटांत भात उत्तम होतो, असे दिसून आले. मग २० मिनिटे मोजावयाची कशी? घड्याळ लावण्याऐवजी त्यांनी भांड्याला बाहेरून दुसरे भांडे जोडले आणि त्यात मोजके पाणी ठेवले. ते आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. आटताक्षणी ते झपाट्याने चढते, आणि दोन धातूंची जोडपट्टी वाकून प्रवाह तुटतो. डिसेंबर १९५५ मध्ये हा कुकर बाजारात आला. पहाटे उठून चुलीपुढे बसण्याच्या जाचातून जपानी गृहिणीला सोडविणाऱ्या या यंत्रामागे एका गृहिणीचेच श्रम आहेत. पण पुष्कळांना नाव ठाऊक असते ते कंपनीचे.

आजचे साधे कुकर बाहेरच्या पाण्यावाचून चालतात; पाणी आटले की तापमान चढते, हे तत्त्व तेच. भात आणि मऊ खिचडीपुरते ते बिनधोक. मात्र लेहसारख्या ठिकाणी पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, आणि तेथे तुरीची डाळ उघड्या कुकरात शिजता शिजत नाही. तिकडे बदली झालेल्याने दाबाचा विजेचा कुकरच घ्यावा.

तिसरी अडचण वाया जाणाऱ्या उष्णतेची. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या प्रवर्तनाचा स्वयंपाकाकडे नीट उपयोग होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. इंडक्शनच्या शेगडीत तार तापत नाही, भांड्याचे बूडच तापते. मात्र ते चुंबकाला चिकटणारे हवे. आईने बरोबर दिलेले कल्हईचे पितळी पातेले त्यावर ठेवा, शेगडी नुसती कुरकुरेल. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम मोडीत काढावयाचे नसेल तर कॉइलची शेगडीच बरी, खोली थोडी तापली तरी. मायक्रोवेव्ह गरम करावयास चांगला. फोडणी त्याचे काम नव्हे.

पैसे देण्यापूर्वी भिंतीकडे पाहावे. ६ अँपिअरचा लहान प्लग २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट सोसतो. २००० वॅटच्या शेगडीस १६ अँपिअरचा मोठा प्लग आणि तेवढी जाड तार हवी. हा गुणाकार आम्ही एका गावी केला नाही, आणि सबंध मजला रात्रभर अंधारात राहिला. शेजाऱ्यांनी मेणबत्त्या आणून दिल्या. वरणभात मात्र कच्चाच राहिला.

उरली भाकरी. इंडक्शनवर लोखंडी तवा उत्तम तापतो, थालीपीठ खमंग होते. पण भाकरी तव्यावरून काढून फुगवावयाची तर खाली धग हवी. तेवढ्यासाठी आम्ही जुनी कॉइलची शेगडी आणि एक जाळी अजून जपून ठेवली आहे, आणि प्रत्येक बदलीत ती सामानात सर्वांत शेवटी बांधली जाते.