सरावाचे श्रम आणि गोलंदाजीचे कौशल्य : पाळवणकर बाळू यांच्या जडणघडणीचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक :

क्रिकेटच्या इतिहासलेखनात सामन्यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे सरावाला मिळालेले नाही. धावफलक जतन केले जातात. जाळ्यात टाकलेल्या चेंडूंची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. त्यामुळे एखाद्या गोलंदाजाचे कौशल्य 'उपजत' होते असे म्हणून इतिहासकार पुढे जातो. वस्तुतः अचूक टप्पा, चेंडूची फिरकी, फलंदाजाच्या हालचालीचा अंदाज या गोष्टी दीर्घ व एकाग्र सरावाशिवाय साध्य होत नाहीत. हा सराव कोणाला, कोणत्या अटींवर उपलब्ध होता, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत निबंधात पाळवणकर बाळू (१८७६-१९५५) यांच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. विठ्ठल पाळवणकर यांचे 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे आत्मकथन आणि रामचंद्र गुहा यांचा २००२ मधील क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथ यांमुळे या घराण्याची माहिती अभ्यासकांना उपलब्ध झाली आहे.

पार्श्वभूमी :

बाळू यांचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. 'पाळवणकर' हे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू शिवराम खेळू लागले. बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर होती. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि गरजेनुसार सभासदांना चेंडू टाकणे या कामाचे वेतन दरमहा ३ रुपये होते. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात ४ रुपये वेतनावर रुजू झाले. तेथेही मैदानाची निगा राखणे, जाळी उभारणे, रेषा आखणे हेच त्यांचे मुख्य काम होते. गोलंदाजी हे या नोकरीचे उपांग होते.

जाळ्यातील सराव :

जिमखान्याच्या सभासदांपैकी जे. जी. ग्रेग हे लष्करी अधिकारी उत्तम फलंदाज होते. पुढे ते इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडूनही खेळले. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास दर वेळी ८ आणे बक्षीस देण्याचे त्यांनी ठरविले होते, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानली नाही तरी तिच्यातील हिशेब बोलका आहे. ४ रुपये म्हणजे ६४ आणे. अर्थात एका बळीचे मोल मासिक वेतनाच्या एक-अष्टमांश होते.

या सरावाचे स्वरूप तपासले असता तीन वैशिष्ट्ये लक्षात येतात. पहिले, तो एकाच समर्थ फलंदाजासमोर आणि नित्य होत असे. टप्पा थोडा आखूड पडला तर फटका बसे, योग्य पडला तर फलंदाज अडखळे. चुकीचा निवाडा तत्काळ होई. दुसरे, ग्रेग यांना बाळू यांच्या चेंडूंची सवय होत गेली असणार. सवय झालेल्या फलंदाजाला बाद करायचे तर डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला वेग, उंची व कोन यांत सतत बदल करावा लागतो. तिसरे, ज्या खेळपट्टीवर चेंडू टाकायचा ती बाळू स्वतःच तयार करीत. ओलसरपणा, गवत आणि रोलरचा परिणाम यांचे ज्ञान त्यांना हाताच्या कामातून मिळाले असावे, असे अनुमान करता येते. साताऱ्यातील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध हे ज्ञान उपयोगी पडले असावे. त्या सामन्यापूर्वी त्यांची फिरकी बोथट करण्यासाठी खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरविण्यात आला होता. तरीही बाळू यांनी सात बळी मिळविले.

सरावाची विषम रचना :

मात्र या सरावाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या बाळू यांना पूना जिमखान्यात फलंदाजीची संधी दिली गेली नाही. जाळ्यात फलंदाजी हा सभासदाचा अधिकार होता, तर गोलंदाजी ही नोकराची सेवा. जवळपास त्याच काळात रणजितसिंहजी केंब्रिजमध्ये व्यावसायिक गोलंदाजांना पैसे देऊन त्यांच्यासमोर फलंदाजीचा सराव करीत होते. एकाग्र सराव दोघांनीही केला. एकाने तो विकत घेतला, दुसऱ्याने वेतनासाठी केला. कोण फलंदाज होणार आणि कोण गोलंदाज, याचा निर्णय केवळ आवडीने होत नव्हता.

कौशल्य सिद्ध झाल्यावरही भेद संपला नाही. पुण्यातील हिंदू संघाने बाळू यांना घेतले ते सभासदांतील मतभेदानंतर. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वजण झेलीत. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून दिला जाई. न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी, ज्यांच्याबरोबर खेळता येते त्यांच्याबरोबर जेवण्यास हरकत का असावी, अशा आशयाचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला, यावरून या घटनेचे सामाजिक महत्त्व स्पष्ट होते.

सामन्यांतील कसोटी :

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. दुसऱ्या डावात २१२ धावांचे लक्ष्य असताना युरोपियन संघ १०२ धावांत बाद झाला. बाळू यांनी सामन्यात ८ बळी मिळविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी असून सरासरी १५.२१ आहे. अपरिचित हवामान व खेळपट्ट्यांवरही त्यांची गोलंदाजी टिकली. पुण्यातील सरावाने त्यांना केवळ एका मैदानाची सवय लावली नव्हती, तर परिस्थितीनुसार बदलण्याची क्षमता दिली होती, असे यावरून म्हणता येईल.

तथापि हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी त्यांचा हक्क वारंवार डावलला गेला. १९२० मध्ये ते उपकर्णधार झाले, तेही विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतल्यानंतर. कर्णधारपद या घराण्यात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) बाळू यांची गोलंदाजी ही दैवी देणगी नसून नित्य, एकाग्र आणि तत्काळ पडताळणी होणाऱ्या सरावाचे फलित होती. (२) हा सराव प्रशिक्षण म्हणून नव्हे, तर अल्प वेतनाचे श्रम म्हणून घडला. त्या श्रमांना कौशल्याचे रूप बाळू यांनी स्वतःच्या अवधानाने दिले. (३) सरावाने चेंडूवर प्रभुत्व मिळाले, परंतु फलंदाजीची संधी, पंगतीतील स्थान आणि नेतृत्व या गोष्टी सरावाच्या आवाक्यातील नव्हत्या. त्यांसाठी संघर्ष करावा लागला.

परिश्रमाने सर्व काही साध्य होते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. बाळू यांचे चरित्र या विधानाला पुष्टी देते आणि त्याची मर्यादाही दाखवते. परिश्रम करणाऱ्याने आपला वाटा उचललेला असतो. त्याच्या गुणांना योग्य स्थान देण्याची जबाबदारी मात्र संस्थेची व समाजाची असते. महाविद्यालयीन क्रीडांगणांवर आज कोणाला सरावाची संधी मिळते आणि कोण केवळ मैदान तयार करतो, हे तपासताना हा इतिहास उपयुक्त ठरावा.